पालक – ब

"लोक पत्रकं वाचत नाहीत, हे साफ खोटं आहे! वाचायला लावणारं पत्रक अजून कुणी लिहिलेलंच नाही, एवढंच!"

हे वाक्य त्यानं भर बैठकीत टेबलावर मूठ आपटून ऐकवलं. मूठ अशी बसली की साहेबांचा चहा कपातून बशीत आला आणि बशीतून फायलीवर गेला. आज ते वाक्य आठवलं की त्याचे कान तापतात. पण त्या दिवशी तो असा ताठ बसला होता, जणू छपाईचा शोध त्याच्याच घरी लागला होता!

त्याची कचेरी म्हणजे शेती आणि खाण्यापिण्याची माहिती छापून लोकांना वाटणारी कचेरी. तिथं त्याचं काम एकच. पत्रकं, भित्तिपत्रकं, जाहिराती यांतलं लोक काय वाचतात, काय लक्षात ठेवतात आणि वाचून काही करतात का, याचं संशोधन. मथळ्यावर त्याचा फार जीव. घरात दूध उतू गेलं तरी तो आधी मथळा सुचवी आणि मग गॅस बंद करी. म्हणून कचेरीत सगळे त्याला 'मथळे' म्हणत. शिपाई 'मथळेसाहेब' म्हणे, एवढाच फरक.

मागच्या पाहणीत मथळेनं घरोघर फिरून जुन्या पत्रकांचं पुढं काय होतं ते शोधलं होतं. मातीची तपासणी कशी करावी, हे पत्रक एका घरी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली निघालं. दुधातली भेसळ कशी ओळखावी, हे दुधाच्याच पातेल्यावर झाकण होऊन बसलं होतं. आणि धान्यातली कीड, हे पत्रक धान्याच्या डब्याच्या तळाशी अंथरलेलं होतं. त्यावर कीड आरामात हिंडत होती. वाचत असावी!

त्या मोसमात पालक उदंड आला होता. लोक जुडी आणत, फ्रिजच्या कोपऱ्यात कोंबत आणि विसरून जात. तिचा चिखल झाला की पालेभाजीलाच नावं ठेवत. तेव्हा शिळा पालक टाका, रोज ताजा आणा, असं सांगणारं पत्रक काढायचं ठरलं.

"वर चांगलं मोठं चित्र टाका," साहेब म्हणाले.

"साहेब, चित्र म्हणजे शब्दांच्या हातातली काठी! माझे शब्द स्वतःच्या पायांनी चालतात."

"कुठं जातात ते कळलं म्हणजे झालं," साहेब फाईल पुसत म्हणाले.

शेवटी दोन पत्रकं छापायची ठरली. मजकूर एकच. 'अ' पत्रकावर पालकाचं हिरवंगार चित्र. 'ब' पत्रकावर नुसते शब्द. 'अ' बाजारपेठेत वाटायचं, 'ब' नव्या वसाहतीत. मग घरोघर जाऊन विचारायचं, की कोणतं जास्त लक्षात राहिलं. 'ब' जिंकणार, याबद्दल मथळेला तिळमात्र शंका नव्हती. मथळाच तसा होता:

पालक जुना झाला?
घरात ठेवू नका! आजच बाहेर काढा!

आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत: 'मऊ पडलेला, पिवळा झालेला, मान टाकलेला पालक उगाच जागा अडवतो. घरातल्यांच्या तब्येतीला तो चांगला नाही.' पुढे पालक कसा निवडावा आणि कसा ठेवावा, याच्या आणखी काही ओळी.

हा मजकूर त्यानं घरून, फोनवर, छापखानेवाल्याला सांगितला. छापखान्यात यंत्र धडधडत होतं, त्यामुळे मथळेला छतापर्यंत आवाज चढवावा लागला.

"जुना पालक! हो, जुना! घरात ठेवू नका! नाही हो, 'कृपया' वगैरे काही नको! मऊपणानं सांगितलं की कुणी ऐकत नाही! सरळ बाहेर काढा, असंच टाका!"

दारात आबा उभे होते. आबा म्हणजे मथळेचे वडील. त्यांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पट्ट्याच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज गिरणीएवढा झाला होता आणि ऐकू येणं पिठाएवढं बारीक. आई गेल्यावर ते लेकाकडे राहायला आले, पण अजून पाहुण्यासारखेच वावरत. पाणी प्यायचं झालं तरी सुनेला विचारत. त्यांनी आता इथंच, आपलं घर समजून राहावं, अशी मथळेची मनापासून इच्छा होती. ती त्यानं बायकोला सांगितली होती, आत्याला सांगितली होती, शेजाऱ्यांनाही सांगितली होती. आबांना तेवढी सांगायची राहिली होती.

"काय बाहेर काढायचंय?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा! कामाचं आहे!"

"मी हात लावू का?"

"नको हो! तुम्ही बसा!"

आबा बसले. घरात त्यांना सगळे दिवसभर हेच सांगत.

पुढच्या आठवड्यात आबांच्या नातीच्या, म्हणजे मथळेच्या मुलीच्या, शाळेत पालकांची सभा होती. नात 'ब' तुकडीत. मथळेची बायको दवाखान्यात परिचारिका, तिची कामाची पाळी नेमकी त्याच वेळी. आणि मथळेला त्याच दिवशी वसाहतीत पत्रकाचा परिणाम मोजायचा होता.

"आबा, सभेला तुम्हीच जाता का?"

"मी? तिथं पालकांना बोलावतात ना?"

"मग तुम्हीही पालकच की!"

आबांचा चेहरा असा उजळला की मथळेला जरा नवल वाटलं. पण नवल करत बसायला त्याला वेळ नव्हता. आबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि निघताना पुन्हा एकदा विचारलं, "तिथं बोलायचं काय असतं?"

"काही नाही! बसायचं, विचारलं की हो म्हणायचं, आणि कागद देतील तो घेऊन यायचं."

आता इथं छापखान्यात काय झालं ते सांगायला हवं. त्या छापखान्यात शाळेचंही काम होतं. शाळेनं 'ब' तुकडीच्या पालकांसाठी मुलांच्या दातांविषयी सूचनापत्रक छापून घेतलं होतं. छापखानेवाल्यानं त्या गठ्ठ्यावर जाड पेनानं लिहिलं, 'पालक – ब'. मग मथळेच्या गठ्ठ्याकडे वळला. त्यावरही लिहिलं, 'पालक – ब'. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले आणि जेवायला गेला. पेपरवाला आला. त्याला एक गठ्ठा शाळेत टाकायचा होता आणि एक वसाहतीत वाटायचा होता. त्यानं दोन्हींवरची अक्षरं वाचली, डोकं खाजवलं, आणि जो हाताला आधी लागला तो शाळेत टाकला. यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष!

सभेच्या दिवशी मथळे वसाहतीत पहिल्या घराची बेल वाजवून उभा राहिला. घरातल्या बाई हात पुसत आल्या.

"आमचं पत्रक मिळालं का?"

"मिळालं की! अहो, पहिल्यांदाच काहीतरी कामाचं छापलंत!"

मथळेचे पाय जमिनीवरून वीतभर सुटले. "काय काय लक्षात राहिलं?"

"सगळं! पाल्याला कीड लागली नाही ना, ते वरचेवर बघायचं. पाल्याला फार गोड द्यायचं नाही. आणि पाल्याला सकाळी आणि झोपण्यापूर्वी ब्रशनं घासायचं."

"ब्रशनं?"

"हो ना! कालच जुडी आणली, एकेक पान घेऊन घासलं. निम्मा पाला फाटला हो! ब्रश मऊ हवा का?"

आपण ब्रशबद्दल कधी लिहिलं, हे मथळेला काही केल्या आठवेना. समोरच्या दारातून एका गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं.

"आणि पेस्ट नेहमीचीच चालेल का? भाजीला फेस येतोय!"

मथळे काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"मी शाळेतून मुख्याध्यापिका बोलतेय. तुम्ही लिहिलेलं पत्रक आमच्या सभेत वाटलं गेलंय."

शाळेत पत्रक गेलं कसं, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. आपल्या लिखाणाचा विषय निघाला की त्याला प्रश्न पडत नसत.

"वाचलं का सगळ्यांनी?"

"वाचलं? अहो, सभा बंद पडायची वेळ आली!"

"वा!"

"वा काय? एक आजी रडताहेत इथं!"

"शब्दांत ताकदच तेवढी असते, बाई."

"जुन्या पालकांविषयी तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटतं ना! किळस वाटते! हात लावला की बोटांना चिकटतो!"

"आमच्याकडे तसे जुने पालक वीस-पंचवीस तरी आहेत," मुख्याध्यापिका दातओठ खात म्हणाल्या. "त्यांचं आम्ही काय करावं म्हणता?"

"एवढा साठा केलात कशाला? आधी वेगळे काढा. एक खराब झाला की शेजारचेही होतात. गुरांना घाला!"

"गुरांना?"

"गुरं नसली तर मागच्या बाजूला खड्डा खणा आणि त्यात पुरा. उत्तम खत होतं!"

"आणि तुमच्या स्वतःच्या घरी? तिथं काय करता?"

"मी घरात ठेवतच नाही, बाई! लागला की बाजारातून ताजी जुडी आणतो."

"जुडी?"

"एक पुरते. पाहुणे असले तर दोन."

मग मुख्याध्यापिकांनी एकेक शब्द मोजून टाकल्यासारखं विचारलं, "तुम्ही... भाजीबद्दल बोलताय?"

"मग तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

त्यांनी सांगितलं.

मथळेनं दारातल्या बाईंकडून त्यांना मिळालेलं पत्रक जवळजवळ ओढूनच घेतलं. वर ठळक अक्षरांत होतं: 'आपल्या पाल्याची काळजी. पालकांसाठी सूचना.' खाली शाळेचं नाव. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की पाहणी वाया गेली. दुसऱ्यांदा आलं, की साहेब काय म्हणतील. आबा मनात आले ते तिसऱ्यांदा. हा क्रम त्याला आजही खुपतो.

धावत, धापा टाकत तो शाळेत पोचला तेव्हा सभा उठली होती. 'ब' तुकडीच्या वर्गात वर्गशिक्षिका बाक सरळ करत होत्या. जमिनीवर पत्रकांचे बोळे पडले होते. टेबलाच्या पायाखाली मात्र एकही नव्हतं. एवढं वाचलं गेलेलं पत्रक त्याच्या आयुष्यात हेच पहिलं!

"माझे वडील..."

"इस्त्रीचा सदरा? ते वरच्या आवाजातले?"

"हो, तेच."

शिक्षिका बाकावर टेकल्या. "त्यांनी कागद हातात घेतला, खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं ते आधी पाहिलं, आणि उभेच राहिले. म्हणाले, 'हे माझ्या मुलानं लिहिलंय! थांबा, मी वाचून दाखवतो!' आम्हाला वाटलं, छान! गोष्टबिष्ट असेल. म्हटलं, वाचा आजोबा."

"आणि वाचलं?"

"केवढ्यानं! पलीकडच्या 'क' तुकडीलाही ऐकू गेलं. 'पालक जुना झाला? घरात ठेवू नका!' पुढचं 'आजच बाहेर काढा' मात्र हळूच वाचलं. मग एकदम गलका झाला. सगळे वळून वळून त्यांच्याकडेच बघायला लागले."

"मग ते काय म्हणाले?"

"चष्मा बदलायला झालाय, म्हणाले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसले. शेवटपर्यंत बसले हो. काहीही विचारलं की हो म्हणत होते."

मथळे घरी आला. बायको नुकतीच दवाखान्यातून परतली होती.

"आबा कुठं आहेत?"

"आत्याकडे गेले. चार दिवस हवापालट, म्हणाले. मी म्हटलं, आत्या तर गावाच्या त्या टोकाला राहतात, तिथली हवा ती काय वेगळी असणार? तर हसले नुसते. काय झालं हो? पोरीला जवळ घेतलं आणि तिला म्हणाले, 'बाबाला सांग, मी स्वतःहून गेलो.'"

हे ऐकून मथळे बूटही न काढता पुन्हा जिना उतरला.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. जीभ अशी की हातात सुरी नसली तरी भाजी चिरली जावी! तिनं दार उघडलं आणि दारातच सुरुवात केली.

"आलास? मला वाटलं, पेपरात जाहिरात देशील. 'बाप बाहेर काढला आहे, कुणाला हवा असल्यास घेऊन जावा.'"

"आत्या, ती भाजी होती गं!"

"ती भाजी होती रे, पण हा माझा भाऊ आहे! चप्पल काढ. बूट? बूट काढ मग!"

आबा आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. आत्याचा बंद पडलेला मिक्सर त्यांनी उघडला होता आणि त्याचे स्क्रू एका वाटीत काढून ठेवले होते. मथळे दिसताच त्यांनी मान हलवली, जणू कुणी ओळखीचा दळण घेऊन आला होता.

"आबा! पालक म्हणजे भाजी! पालकाची भाजी! जुडी!"

"ओरडू नकोस. एवढं येतं ऐकू."

"तुम्हाला वाटलं असेल..."

"पहिल्या ओळीला वाटलं. खोटं कशाला बोलू? पण घरी येताना बाकावर बसून सगळं वाचलं. खालच्या ओळीत देठ आला. बापाला देठ नसतो, एवढं मला कळतं."

मथळेला हसू आलं. हायसं वाटलं. प्रकरण मिटलं, असंच वाटलं. "मग आबा, निघून कशाला आलात?"

आबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, सदऱ्याच्या खिशातून कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि बोट ठेवून वाचायला लागले. या वेळी हळू.

"'आणल्यावर विसरून जाऊ नका. दिवसातून एकदा तरी उलटून पाहा. वरून बरा दिसला, तरी आतून कसा आहे, ते हात लावल्याशिवाय कळत नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "हे तूच लिहिलंस ना?"

"हो."

"चांगलं लिहिलंयस. इतकं बारीक लक्ष असतं तुझं, मला माहीत नव्हतं."

त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. असता तर मथळेला काहीतरी उत्तर देता आलं असतं. आबा खरोखरच लेकाच्या लिखाणाचं कौतुक करत होते, आणि त्यामुळे त्याला मान वर करता येईना. तो खाली बसला आणि वाटीतले स्क्रू उगाच इकडून तिकडे करू लागला.

"हरवशील," आबा म्हणाले.

"घरी चला आबा. आम्हाला सगळ्यांना वाटतं तुम्ही तिथंच राहावं. मला वाटतं."

"हो?" आबांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालास?"

मथळे पुन्हा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. इतक्या मोठ्यानं की स्वयंपाकघरात आत्याच्या हातातला डाव थांबला.

आबांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. "आधीच बोलायचंस की," ते म्हणाले. "येईन. बघू. आता हा उघडून बसलोय. अर्धवट टाकून कसा येऊ?"

परत निघताना आत्यानं त्याच्या हातात पिशवी ठेवली. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही. वरून हिरवी पानं दिसतच होती.

"उद्याच कर," आत्या म्हणाली. "नाहीतर बाहेर काढशील!"

कचेरीत व्हायचं ते झालं. साहेबांनी त्याला बोलावलं आणि चहाचा कप आधीच खिडकीत ठेवला. यापुढे प्रत्येक पत्रकावर ताटाएवढं चित्र असेल, असा हुकूम निघाला. मथळेनं शाळेत जाऊन सगळ्या आजी-आजोबांची माफी मागितली. रडलेल्या आजींनी त्याला माफ केलं. मग मागे बसलेल्या आपल्या मुलाकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "याचं निदान छापून तरी आलं!" वसाहतीतल्या बाई अजून पालक घासतात. मऊ ब्रशनं.

आत्याकडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मथळेनं तिच्याकडे फोन लावला होता. हातात फोन धरून खोलीत चार फेऱ्या मारल्या होत्या, तरी काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"आबा?"

"काय झालं?" आबा गिरणीच्या आवाजात ओरडले. "कुणाला बरं नाही का?"

"सगळे बरे आहेत. सहज केला."

"सहज?" आबांना हा शब्द नीट कळला नसावा. लेकानं तो त्यांच्याशी कधी वापरला नव्हता.

"म्हटलं, विचारावं. कसे आहात?"

पलीकडे मिक्सर घरघरला. दुरुस्त झाला होता तर! मग तो थांबला.

"ताजा आहे!" आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मथळे रोज सकाळी फोन करतो. कचेरीला उशीर झाला तरी करतो. आबाही आता पहिल्याच घंटेला उचलतात आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच सांगून टाकतात, "पिवळा पडलेलो नाही! ठेव!"

घरी कधी येता, असं त्यानं विचारलं, की मात्र त्यांना एकदम ऐकू येईनासं होतं.